पंचवीस वर्षं अडलेला डाव

१९९७ च्या डिसेंबरात, नाताळला दोन दिवस असताना, टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ या आपल्या गाजलेल्या खेळाचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. जगाने हा खेळ खेळला होता डॉसवर. खुला झालेला कोड मात्र लिनक्सच्या आवृत्तीचा होता. त्यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. डॉसच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग इडने दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला, त्यामुळे तो वाटून टाकण्याचा हक्क कंपनीकडे नव्हता. लिनक्सच्या आवृत्तीत ती भानगड नव्हती. ही आवृत्ती इडमधलेच प्रोग्रामर डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्ये केली होती, तीही निव्वळ हौसेने. यातून काही मिळकत होत नाही, हे त्यांनी सोबतच्या टिपणात लिहूनही ठेवलं होतं.

म्हणजे लिनक्स जेमतेम तीन वर्षांचं असतानाच त्यावर त्या काळातला सर्वांत चर्चेतला खेळ चालत होता. तरीही पुढची कितीतरी वर्षं लिनक्सची शिफारस करणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर ऐकावं लागलं: सगळं ठीक आहे हो, पण गेम चालत नाहीत. अनेकांनी हार्ड डिस्कचे दोन भाग केले. एकात लिनक्स आणि दुसऱ्यात ‘फक्त गेमपुरतं’ विंडोज. त्यांतले पुष्कळजण हळूहळू कायमचे दुसऱ्या भागात राहायला गेले.

ही अडचण आज बऱ्याच अंशी सुटली आहे. पण खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचं मन वळवून ती सुटलेली नाही. मन वळवण्याचे बहुतेक प्रयत्न फसले. ज्यांनी या कंपन्यांना विचारायचंच सोडून दिलं, त्यांचं काम फळाला आलं.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणारे एकवीस वर्षांचे लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये, आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, असं जाहीर केलं. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती; त्यात बाकीची अवजारं तयार होती, सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, तेवढा नव्हता. दोन्ही एकत्र आलं, तेच लिनक्स. १९९२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी आपला कर्नल स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली आणला. या परवान्याची अट अशी की कोड घ्या, बदला, हवं तर विकाही. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा कोडही द्यावा लागेल. खेळांच्या बाबतीत पुढे जे झालं त्यात याच जातीच्या अटीला मोठं महत्त्व आहे.

त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टचीही गंमतच झाली होती. खेळ लिहिणाऱ्यांना विंडोज नकोच होतं. डॉसवर सगळं हार्डवेअर थेट हाताशी येई, विंडोज मात्र मध्ये मध्ये करी. त्यांना ओढून आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये डायरेक्टएक्स हा खेळांना हार्डवेअरशी जवळून बोलू देणारा संच आणला आणि ‘डूम’ स्वतःच्या खर्चाने विंडोज ९५ वर आणला. प्रचाराच्या एका चित्रफितीत खुद्द बिल गेट्स हातात बंदूक घेऊन डूमच्या बोळांत उभे राहिलेले दिसतात. डूम विंडोजवर आणणाऱ्या गटाचं नेतृत्व गेब न्यूएल नावाच्या कर्मचाऱ्याकडे होतं. न्यूएल यांनी १९९६ मध्ये नोकरी सोडली आणि माइक हॅरिंग्टन या सहकाऱ्यासोबत व्हॉल्व्ह ही स्वतःची खेळांची कंपनी काढली. डायरेक्टएक्सचा डाव मात्र यशस्वी झाला. दहाएक वर्षांत पीसीवरचा खेळ म्हणजे विंडोजवरचा खेळ, हे समीकरण पक्कं झालं.

या समीकरणाला खालून सुरुंग लावण्याचं काम १९९३ मध्येच सुरू झालं होतं, फक्त कोणाच्या ते ध्यानात आलेलं नव्हतं. बॉब अ‍ॅमस्टाड आणि एरिक यंगडेल यांनी ‘वाइन’ हा प्रकल्प सुरू केला. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम पावलोपावली सिस्टिमकडे काही ना काही मागत असतो: खिडकी उघडून दे, फाइल वाचून दे, आवाज काढ. ही प्रत्येक मागणी लिनक्सवर पुरवणारा कोड नव्याने लिहायचा, म्हणजे प्रोग्रामला आपण विंडोजवर नाही याचा पत्ताच लागणार नाही, अशी ही कल्पना. मायक्रोसॉफ्टचा कोड पाहायचा नाही, ही त्यातली मुख्य अडचण. आचाऱ्याच्या कृतीकडे न बघता, नुसती चाखून चाखून तीच आमटी करायची, आणि मूळ आमटीत मीठ जास्त पडलं असेल तर आपल्यातही नेमकं तेवढंच घालायचं. कारण कित्येक प्रोग्राम विंडोजच्या चुकांवर विसंबून लिहिलेले असतात.

१९९४ मध्ये या प्रकल्पाची सूत्रं अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आली आणि ती आजही त्यांच्याकडेच आहेत. वाइनची १.० ही आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. या काळात वाइन हा लिनक्सवाल्यांमध्येही चेष्टेचा विषय होता. एखादा प्रोग्राम चाले, पुढच्या आवृत्तीत बंद पडे. तोवर मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या तीन पिढ्या पुढे गेलेलं असे. ज्युलियार्ड यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

दुसरीकडे सरळ मार्गाने जाणारेही होते. कॅलिफोर्नियात स्कॉट ड्रेकर या वकिलाने १९९८ मध्ये लोकी सॉफ्टवेअर काढली. कंपन्यांकडून रीतसर परवानगी घ्यायची, त्यांचे खेळ लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे, असा हा धंदा. १९९९ मध्ये ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ आला, मागोमाग ‘क्वेक ३’, ‘सिमसिटी ३०००’, ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’. क्वेकसाठी तर खास पत्र्याचा डबा काढला. पण लोकीचा खेळ येई तोवर विंडोजचा खेळ बाजारात येऊन शिळा झालेला असे. वरातीमागून आलेलं घोडं कोण विकत घेणार? ज्यांच्याकडे लिनक्स होतं त्यांच्याकडे विंडोजही होतंच. ते वाट न बघता तिकडचाच डबा उचलत. ऑगस्ट २००१ मध्ये लोकीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये दुकान बंद झालं.

लोकीचं नाव आज कोणाला फारसं आठवत नाही, पण तिचा मुख्य प्रोग्रामर सॅम लँटिंगा याने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी आज जगभरच्या खेळांत वापरली जाते. ती खुली होती, म्हणून कंपनी बुडाली तरी उरली.

आता वाइनच्या परवान्यावरून झालेल्या भांडणाकडे येऊ, कारण या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रसंग तोच आहे, असं प्रस्तुत लेखकाचं मत. वाइनचा परवाना सुरुवातीला अगदी सैल होता. कोणीही कोड उचलावा, बदलावा, बदल स्वतःकडे ठेवावेत. टोरांटोच्या ट्रान्सगेमिंग कंपनीने तेच केलं. वाइनचा कोड घेतला, त्यात डायरेक्टएक्सचा आधार घातला आणि महिना पाच डॉलर वर्गणीवर ‘वाइनएक्स’ विकायला काढलं. वर्गणीदार पुरेसे झाले की आपलं काम मूळ प्रकल्पाला परत देऊ, असं आश्वासन होतं. वाइनच्या लोकांचा त्यावरचा विश्वास उडत गेला. मार्च २००२ मध्ये बरीच वादावादी होऊन वाइनने परवाना बदलला आणि जीपीएलच्याच जातीचा एलजीपीएल स्वीकारला. म्हणजे यापुढे वाइनमध्ये सुधारणा करून ते वाटणाऱ्याला त्या सुधारणांचा कोडही द्यावा लागणार. काहींना हा आडमुठेपणा वाटला. त्यांनी जुन्या परवान्याखाली वेगळी चूल मांडली, पण ती फार दिवस पेटली नाही. ट्रान्सगेमिंगचं ‘सेडेगा’ काही वर्षं चाललं आणि २०११ मध्ये आटोपलं. मिनेसोटातल्या कोडवीव्हर्स या छोट्या कंपनीने उलटा मार्ग धरला होता. तिने ज्युलियार्ड यांनाच नोकरी दिली, वाइनवर आधारलेलं क्रॉसओव्हर विकलं आणि सुधारणा मूळ प्रकल्पाला देत राहिली. ती आजही आहे.

भारतात या काळात चित्र वेगळं होतं. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. जर्मनीत जन्मलेल्या आणि बेळगावात इंजिनिअर झालेल्या या माणसाने पुढे बंगळूरला लिनक्सचे मोठे मेळावे भरवले. इंटरनेट फोनच्या तारेवरून थेंबथेंब येई तेव्हा अशी सीडी म्हणजे मोठा ठेवा होता. पण ‘फुकट’ या शब्दाला इथे जोर नव्हता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करून घेतला की दुकानदार विंडोज टाकूनच देई, पैसे न घेता. व्हायरस शिरला की फॉरमॅट मारायचं आणि पुन्हा तेच टाकायचं. गेमच्या सीडीही तशाच. चोरीचा माल सर्रास मिळत असताना फुकटच्या मालाचं कौतुक कोण करणार? सायबर कॅफेत रात्र रात्र ‘काउंटर-स्ट्राइक’ रंगे, ते विंडोजवर. याच खेळाचे सर्व्हर मात्र जगभर बहुतांशी लिनक्सवर चालत. खेळणाऱ्याला ते कळण्याचं कारण नव्हतं.

रोजच्या कामासाठी लिनक्स सोपं झालं ते २००४ पासून. त्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेचे मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू आणलं आणि मागेल त्याच्या पत्त्यावर जगभर फुकट सीडी पाठवल्या, अगदी टपालखर्चही न घेता. पुढच्याच महिन्यात फायरफॉक्स १.० आलं. ओपनऑफिस होतं, २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस निघालं. मराठीचं म्हणाल तर पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयाने लोहित हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट वर्षानुवर्षं सांभाळले, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतही बोलून दाखवले. पत्र लिहा, हिशेब मांडा, सिनेमा बघा. अडत काहीच नव्हतं. खेळ सोडून.

मग २०१२ साल आलं आणि गेब न्यूएल परत रंगमंचावर आले. एव्हाना त्यांचं ‘स्टीम’ हे पीसीच्या खेळांचं सर्वांत मोठं ऑनलाइन दुकान झालं होतं आणि ते जवळपास पूर्णपणे विंडोजवर उभं होतं. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान उघडलं. उद्या घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढायचं ठरवलं तर? जुलै २०१२ मध्ये सिएटलच्या एका परिषदेत न्यूएल यांनी विंडोज ८ हे पीसीच्या धंद्यावरचं अरिष्ट असल्याचं उघडपणे सांगितलं. त्याच उन्हाळ्यात व्हॉल्व्हच्या प्रोग्रामरांनी ‘लेफ्ट ४ डेड २’ लिनक्सवर चालवून दाखवला: सेकंदाला ३१५ चित्रं, आणि त्याच मशीनवर विंडोजमध्ये सुमारे २७०. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आलं.

हे मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रेमाने झालं, असं मानण्याचं कारण नाही. स्टीम स्वतः बंद सॉफ्टवेअर आहे. व्हॉल्व्हला पळवाट हवी होती आणि लिनक्स ही अशी एकच वाट होती जिच्यावर कोणाचा टोलनाका बसू शकत नव्हता.

ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर हे तेव्हाचं दुसरं दुखणं. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या नावाने कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं, ते जगभर गाजलं. तिची स्पर्धक एएमडी हिने २००७ पासूनच आपल्या चिपची कागदपत्रं खुली करायला घेतली होती. पुढे व्हॉल्व्हने मेसा या मुक्त ड्रायव्हर प्रकल्पातल्या प्रोग्रामरांना पगार देऊन कामाला लावलं. कर्नलमध्ये बसणारा आपला भाग एनव्हिडियाने खुला केला तो थेट २०२२ मध्ये.

व्हॉल्व्हनेही आधी लोकीचीच चूक केली. नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘स्टीम मशीन’ नावाचे लिनक्सवरचे गेमिंग पीसी वेगवेगळ्या कंपन्यांकडून बाजारात आणले आणि खेळांच्या कंपन्यांना सांगितलं की आता आमच्यासाठी तुमचे खेळ लिनक्सवर आणा. काही आले, बहुतेक आले नाहीत. इतके पैसे मोजून कमी खेळ मिळणारं यंत्र कोणी घेतलं नाही. दोन-तीन वर्षांत ही यंत्रं स्टीमच्या दुकानाच्या दर्शनी भागातूनही गेली.

कोंडी फोडली ती जर्मनीतल्या फिलिप रेबोल यांनी. त्यांना ‘निअर: ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर खेळायचा होता आणि वाइनमध्ये तो नीट चालत नव्हता. २०१६ मध्ये व्हल्कन हे ग्राफिक्सचं नवं, खुलं मानक आलं होतं. त्यात कार्डाशी फार जवळून बोलता येतं. डायरेक्टएक्स ११ च्या आज्ञा थेट व्हल्कनच्या आज्ञांमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्राम त्यांनी २०१७ च्या अखेरीस लिहायला घेतला. काही महिन्यांत जे दिसलं त्यावर लोकांचा विश्वास बसेना. जे खेळ वाइनमध्ये रडतखडत चालत ते विंडोजच्या जवळपास वेगाने पळू लागले. व्हॉल्व्हने रेबोल यांना लगेच कामावर घेतलं. कोडवीव्हर्सशी तिचा करार आधीपासून होताच.

२१ ऑगस्ट २०१८ ला ‘प्रोटॉन’ आलं. वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर तुकडे एकत्र बांधून स्टीमच्या आत बसवलेले. खेळणाऱ्याने काहीही करायचं नाही, फक्त बटण दाबायचं. पहिल्या यादीत २७ खेळ होते. त्यांत ‘निअर: ऑटोमाटा’ होता आणि ‘डूम’ही होता. यादीबाहेरचे खेळ स्वतःच्या जबाबदारीवर चालवून पाहण्याची मुभा होती आणि लोकांनी ते हजारोंनी चालवून पाहिले. कोणता खेळ कसा चालतो याची नोंद ठेवणारी प्रोटॉनडीबी ही यादी खेळणाऱ्यांनीच उभी केली.

खेळाच्या कंपनीला आता काही करायला सांगायचं उरलं नाही. तिने विंडोजसाठी लिहावं. बाकीचं इकडे बघून घेऊ. खास लिनक्ससाठी खेळ आणणाऱ्या फेरल इंटरॅक्टिव्हसारख्या कंपन्यांचं काम यामुळे आटलं आणि काही जुन्या लिनक्सवाल्यांना ते आजही सलतं. अस्सल लिनक्सचा खेळ तो हाच का, असं ते विचारतात. तक्रार अगदीच गैर नाही. खेळांच्या जगाची भाषा अजून मायक्रोसॉफ्टच ठरवतं. पण अस्सलपणाची वाट बघण्यात लोकीचं काय झालं, तेही समोर आहे.

प्रोटॉनच्या जोरावर व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचं यंत्र काढलं. आत लिनक्सच्या आर्च या वाणावर बेतलेली सिस्टिम आणि केडीई हा मुक्त डेस्कटॉप. त्याच आठवड्यात ‘एल्डन रिंग’ हा वर्षातला सर्वांत गाजलेला खेळ आला. विंडोजवर तो मध्येच अडखळत होता. व्हॉल्व्हच्या लोकांनी प्रोटॉनमध्येच दुरुस्ती केली आणि कित्येकांना तो डेकवर अधिक सलग चालताना दिसला. विंडोजचा खेळ विंडोजपेक्षा लिनक्सवर बरा चालतो, हे वाक्य दहा वर्षांपूर्वी कोणी बोललं असतं तर हसण्यावारी गेलं असतं.

२००२ च्या त्या भांडणाचं फळ इथे दिसतं. वाइनमध्ये व्हॉल्व्हने पैसे देऊन करवून घेतलेलं काम एलजीपीएलमुळे सगळ्यांचं झालं. स्टीम न वापरणारेही लुट्रिस किंवा हिरोइक या खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामांतून तेच वापरतात. एवढंच काय, २०२३ मध्ये अ‍ॅपलने विंडोजचे खेळ मॅकवर आणण्यासाठी जी अवजारं काढली, तीही क्रॉसओव्हरच्या खुल्या कोडवर आधारलेली निघाली. आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१४ मध्ये प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचा (थ्रेड्सचा) मेळ विंडोजच्या पद्धतीने घालणारा एनटीसिंक हा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये आला. तो कोडवीव्हर्सच्या एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलेला.

एक भिंत मात्र उभीच आहे. ऑनलाइन खेळांत लबाडी पकडणारी अँटी-चीट सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात शिरून पहारा देतात. २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण ते वापरायचं की नाही हे प्रत्येक खेळाची कंपनी ठरवते. ‘फोर्टनाइट’ने ठरवलं की नाही. ‘व्हॅलोरंट’चा पहारा लिनक्सवर चालतच नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, तोही ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद झाला. इथे तंत्राचा इलाज नाही. इथे पुन्हा विनवण्याच कराव्या लागतात, आणि विनवण्यांचा इतिहास काय आहे ते वर आलंच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० या सुरक्षा-सुविधेची अट न पुरवणारे कितीतरी धडधाकट संगणक त्यामुळे अडकले. त्याच महिन्याच्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सवर खेळणाऱ्यांचं प्रमाण पहिल्यांदा तीन टक्क्यांवर गेलं. तीन टक्के म्हणजे फार नव्हे. पण मॅकवाल्यांना लिनक्सने २०२३ मध्येच मागे टाकलं होतं.

घरात असा एखादा अडकलेला संगणक असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेनड्राइव्हवर घेऊन हार्ड डिस्कला हात न लावता आधी चालवून पाहावं: वाय-फाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, मराठी टाइप होतं का. मग आपल्या खेळांची नावं प्रोटॉनडीबीवर शोधावीत. मुलं रोज संध्याकाळी व्हॅलोरंट खेळत असतील, तर मात्र विंडोज पुसू नका.